फ्रायरांना भाषा शिकवणारा पोरगा

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण जाणार आहोत मेक्सिकोत, पाचशे वर्षं मागे. ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते फ्राय अलोन्सो दे मोलिना. फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती संन्यासी, म्हणजे फ्रायर. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, आणि स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही हे व्रत. त्यांनी आयुष्यभर दोन कामं केली. लोकांमध्ये राहून धर्मसेवा केली आणि नाहुआत्ल भाषा शिकवली. नाहुआत्ल ही अझ्टेकांची, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्यांची भाषा. आजही मेक्सिकोत 16 लाखांहून अधिक लोक ती बोलतात.

त्यांच्या पुस्तकांकडे नंतर वळू. आधी मला त्यांच्या लहानपणची हकीकत सांगायची आहे. मेन्दिएता नावाच्या दुसऱ्या एका फ्रायरने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली आहे.

1521 साली स्पॅनिश फौजेने अझ्टेकांची राजधानी जिंकली. 1524 साली बारा फ्रान्सिस्कन बोटीतून उतरले आणि व्हेराक्रूझच्या किनाऱ्यापासून राजधानीपर्यंत अनवाणी चालत गेले. त्यांच्यात लॅटिन पढलेले, धर्मशास्त्र कोळून प्यायलेले लोक होते. पण इथल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे म्हटले तरी पंचाईत. व्याकरण नाही, कोश नाही, शिकवणारं कुणी नाही.

मठात त्यांनी सरदार घराण्यांतली मुलं शिकायला आणून ठेवली होती. फ्रायरांनी काय केलं? आपलं वय, आपला मान सगळं बाजूला ठेवलं आणि ते त्या मुलांबरोबर जमिनीवर खेळायला बसले. काड्या घ्यायच्या, खडे घ्यायचे आणि खेळायचं. मुलांची भीड चेपावी, ती मोकळेपणी बोलावीत, एवढाच हेतू. कागद आणि शाई कायम हाताशी. मुलाच्या तोंडून शब्द पडला की लिहायचा, आणि तो कशावरून म्हणाला तेही शेजारी लिहायचं. संध्याकाळी सगळे एकत्र जमत, आपापले कागद काढत आणि अर्थ लावत बसत. आज पक्का वाटलेला अर्थ उद्या चुकीचा निघे. पण हळूहळू त्यांतली मोठी मुलं त्यांच्या चुका दुरुस्त करायला लागली, उलट प्रश्न विचारायला लागली.

इथे मला एक बोलू द्या, कारण हे मी रोज पाहतो. बाहेरून आलेला एखादा माणूस दुकानात, रिक्षात अडखळत मराठी बोलायला जातो आणि आपण त्याला हिंदीत उत्तर देतो. का? त्याला मराठीतच उत्तर द्या, हळू द्या, चुकलं तर सांगा. त्या मेक्सिकोतल्या मुलांना जे जमलं ते आपल्याला सहज जमेल.

असो. मुलं मदत करत होती, तरी एक अडचण सुटत नव्हती. दोन्ही भाषा येणारं त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. मुलांना स्पॅनिश येत नव्हती, फ्रायरांना नाहुआत्ल. आणि मग त्यांच्या कानावर आलं, की गावात एक स्पॅनिश विधवा आहे, तिला दोन लहान मुलगे आहेत, आणि ते दोघे इथल्या पोरांत खेळून खेळून नाहुआत्ल फाडफाड बोलतात. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते नुसते खेळले होते.

फ्रायरांनी गव्हर्नरकडे, म्हणजे राजधानी जिंकणाऱ्या फौजेचा सेनापती खुद्द हर्नान कोर्तेस याच्याकडे शब्द टाकला: त्यांतला एक मुलगा आम्हाला द्या. आईने दिला. मेन्दिएता लिहितो की तिने राजीखुशीने दिला, आणि त्या मुलाला तो बायबलमधल्या, लहानपणीच देवळात अर्पण केलेल्या शमुवेलची उपमा देतो. मी मात्र इथे थांबतो. ज्याच्या हुकमावर सगळा मुलूख चालतो त्याच्याकरवी मागणी आल्यावर ती एकटी बाई काय म्हणणार होती?

मुलाचं नाव अलोन्सितो. म्हणजे आपला छोटा अलोन्सो. वय दहाच्या आसपास. त्याला मठात खोली मिळाली. तो फ्रायरांच्या पंगतीत जेवायचा आणि जेवताना त्यांना वाचून दाखवायचा. आधी तो त्यांचा दुभाषा झाला, मग त्यांचा शिक्षक. आज या गावच्या मठात, काही दिवसांनी पुढच्या गावच्या मठात, सगळ्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून त्याला फिरवत. नीट ऐका, दाढीवाले पंडित विद्यार्थी आणि दहा वर्षांचा पोरगा शिक्षक! वयात आल्यावर त्याने स्वतःही झगा घातला आणि तो फ्राय अलोन्सो झाला.

पुढचं थोडक्यात. 1555 साली मोलिनांचा स्पॅनिश-नाहुआत्ल कोश मेक्सिको शहरात छापून निघाला. (गोव्यात छापखाना आला 1556 साली, म्हणजे हा कोश त्याच्याही एक वर्ष आधीचा.) 1571 साली दोन्ही बाजूंनी चालणारी वाढीव आवृत्ती आली आणि त्याच वर्षी व्याकरणही. 1565 साली पापनिवेदनासाठी, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्यासाठी पुस्तकं, एक मोठं, एक छोटं, दोन्ही भाषांत शेजारी शेजारी. कबुली ऐकणाऱ्याला समोरच्याचं दुःख कळलंच नाही तर तो धीर काय देणार? रुग्णालयात सेवा करणाऱ्या बंधुमंडळांसाठी त्यांनी नाहुआत्लमध्ये नियमही लिहिले. साथींनी गावंच्या गावं ओस पडत होती तो हा काळ. माझ्या मते त्यांची खरी धर्मसेवा या कामांत दिसते.

दुभाष्यांवर विसंबून राहणं त्यांना पसंत नव्हतं. कोशाच्या प्रस्तावनेत ते म्हणतात, की पाणी मुळात स्वच्छ असलं तरी ज्या नळांतून ते येतं ते नळच त्याला गढूळ करतात. त्याच प्रस्तावनेत ते हेही सांगतात, की ही भाषा मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो नाही, वापरून वापरून शिकलो. पोरवयात शिकलेला, पुढे आयुष्यभर तीच भाषा बोललेला माणूस हे लिहितो!

आणि एक नाव विसरू नका: एर्नान्दो दे रिबास. तेश्कोकोचा राहणारा, नाहुआत्ल ज्याची मायबोली, तो विद्वान. व्याकरण आणि कोश या दोन्हींसाठी मोलिनांना त्याची मदत झाली. कोशावर मात्र नाव एकट्या मोलिनांचं. आपल्याकडेही 1831 च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशासाठी शब्द गोळा करणारे शास्त्री होते. कोश घरोघरी गेला, शास्त्र्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? पुन्हा सांगतो, एर्नान्दो दे रिबास.

त्या काळची नाहुआत्लमधली मृत्युपत्रं, जमिनीच्या तंट्यांचे कागद, गावकऱ्यांचे तक्रारअर्ज आजही अभिलेखागारांत आहेत. ते वाचणारे अभ्यासक एखाद्या शब्दाशी अडले, की आजही मोलिना आणि रिबास यांचा 1571 चा कोश उघडतात.

नमस्कार.