इन्सुलिनशेजारची बाटली

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावासमोर ‘व्यसनमुक्ती : एक अनुभव’ असं छापून आलंय, त्यामुळे मघाशी दोघातिघांनी माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं. तसं काही नाही. दारू मी कधी घेतली नाही, तंबाखू नाही. चहासुद्धा घेत नव्हतो आणि हे चारचौघांत छाती काढून सांगायचो. माझं व्यसन थंड होतं, फसफसणारं होतं आणि ते भर दुकानात, कुणाच्याही देखत पिता यायचं. कंपनीचं नाव घेत नाही. काळं पाणी म्हणू. शिक्षा म्हणूनही शब्द बरोबर बसतो.

माझं कराडात मेडिकलचं दुकान आहे. दुकानात दोन फ्रिज. एक पुढं, काचेच्या दाराचा, थंड पेयांचा. तो कंपनीनं दिलेला. दुसरा आत, औषधांचा. त्यात इन्सुलिन, लसी, डोळ्यांत घालायचे काही थेंब. तापमान दोन ते आठ अंश. या फ्रिजमध्ये खाण्यापिण्याचं काही ठेवायचं नाही, हे डी. फार्मच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. माझी बाटली मात्र तिथंच असायची. पुढच्या फ्रिजचं दार गिऱ्हाइकं दिवसभर उघडतात, तिथं ती मनासारखी गार होत नाही, हे माझं कारण. दुपारी तीनला गर्दी ओसरली की स्टुलावर बसायचं आणि अर्ध्या तासात सहाशे मिलीलीटर संपवायचे. एकदम नाही, घोट घोट. पेपर वाचत.

२०१९चा जानेवारी. वडगावकडच्या एक आजी नेहमीसारखं इन्सुलिन न्यायला आल्या. मी आतला फ्रिज उघडला, त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि विचारलं, “दादा, ती काळी बाटली कशाची? तीबी शुगरचीच हाय व्हय?”

मी म्हटलं, “हो आजी, शुगरचीच.”

त्यांना वाटलं, असेल नवीन औषध. त्या गेल्या. मी स्टुलावर बसलो आणि बाटलीमागचा मजकूर वाचला. बावीस वर्षं औषधांच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यावर माझं पोट चाललंय, पण ही अक्षरं मी कधी वाचली नव्हती. शंभर मिलीलीटरला सुमारे साडेदहा ग्रॅम साखर. म्हणजे सहाशेला ६३–६४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०१५ सालापासून सांगते आहे की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. माझा अडीच दिवसांचा कोटा दुपारी साडेतीनलाच संपत होता, आणि रात्रीची बासुंदी अजून बाकी असायची.

मग मी हिशोब मांडला. औषधवाल्याला कॅल्क्युलेटर हाताशीच असतो. पहिली आठ वर्षं तीनशेची काचेची बाटली, पुढची चौदा वर्षं सहाशेची. एकूण साखर चार क्विंटलच्या वर. तुम्ही सगळी उसाच्या पट्ट्यातली माणसं, तुम्हाला क्विंटलनं काही वाटणार नाही, म्हणून उलटं सांगतो. बारा टक्के उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून बारा किलो साखर, धरला तर साडेतीन टन ऊस. दोन बैलगाड्या! कारखान्याच्या गेटवर दोन बैलगाड्या उभ्या आहेत आणि गव्हाणीच्या जागी मी तोंड उघडून बसलोय, असं चित्र त्या दिवशी डोळ्यांसमोर आलं ते अजून जात नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी साखर जिभेला कळली कशी नाही? हे मलाही कोडं होतं. सोळा चमचे साखर कुणी वाटीत घालून दिली तर चौथ्या चमच्याला मळमळेल. खुबी अशी की थंडपणामुळे गोडी कमी जाणवते, आणि आंबटपणामुळेही. या काळ्या पेयात फॉस्फोरिक ॲसिड असतं. आम्लता मोजली तर पीएच अडीचच्या आसपास (हा आकडा जेवढा कमी तेवढी आम्लता जास्त), जवळपास लिंबाच्या रसाएवढा. पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं, हे ओघात सांगून ठेवतो. घोट घोट अर्धा तास पिणं ही तर दातांना दिलेली अर्ध्या तासाची आंघोळ. पण मुद्दा जिभेचा. ॲसिड आणि गारवा दोघं मिळून साखरेवर पांघरूण घालतात.

दुसरी फसवणूक पोटाची. २००० साली अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १५ माणसांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी जेलीच्या गोळ्यांतून दिल्या आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड सोड्यातून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसं पुढच्या जेवणात आपसूक हात आखडता घेत होती. सोडा प्यायल्यावर तसं झालं नाही. पोट पातळ साखरेची नोंदच नीट करत नाही. माझी बायको म्हणायची, “अहो, तीनला एवढं पिऊन रात्री तीन भाकरी जातात कशा?” त्याचं उत्तर मला खूप उशिरा मिळालं.

इथं थोडं आमच्या धंद्याबद्दल बोलतो, कारण लाज वाटण्यासारखी गंमत आहे. कोका-कोला १८८६ साली अटलांटात जॉन पेम्बर्टन नावाच्या माणसानं बनवला. तो औषधवाला होता. विकायला सुरुवात झाली तीही औषधाच्याच दुकानातून, ग्लासाला पाच सेंट. पेप्सी करणारा कॅलेब ब्रॅडहॅमही औषधवाला. टेक्सासमधलं ‘डॉक्टर पेपर’ नावाचं पेय, तेही औषधाच्या दुकानातल्याच माणसाचं. यातला पेम्बर्टन मला जवळचा वाटतो. यादवी युद्धात तो जखमी झाला, वेदनेसाठी मॉर्फीन घेता घेता त्याला त्याची सवय लागली, आणि ती सुटावी म्हणून तो दुसरं काहीतरी शोधत होता. त्या शोधाच्या वाटेवर हे पेय निघालं. म्हणजे मेडिकलमध्ये कोल्ड्रिंकचा फ्रिज बघून तुम्ही नाक मुरडता, पण मूळ घर तेच आहे.

आता सोडण्याची गोष्ट. पहिल्यांदा मी मराठी माणूस करतो तसंच केलं. संकल्प. उद्यापासून बंद. घरात जाहीर, दुकानात जाहीर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं असं ठणकलं की शटर अर्धं ओढून बसलो. हा साखरेचा झटका, असं मी ठरवून टाकलं आणि काउंटरवरची डोकेदुखीची गोळी घेतली. अर्ध्या तासात एकदम ताजातवाना. तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळी. चौथ्या दिवशी ट्यूब पेटली. त्या गोळीत कॅफीन असतं! आणि माझ्या सहाशेच्या बाटलीतही साठेक मिलिग्रॅम कॅफीन होतं. कॅफीन बंद केल्यावर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस जोर असतो, आठवडाभरात ओसरतं. ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट. मी पुढच्या दारानं हाकललेल्याला मागच्या दारानं, तोही औषधाच्या भावात, घरात घेत होतो. ‘चहासुद्धा घेत नाही’ म्हणणारा माणूस बावीस वर्षं कॅफीनवर होता. सातव्या दिवशी बाटली परत फ्रिजमध्ये आली.

या फजितीतून एकच कामाची गोष्ट हाती लागली. मी ज्याला एक सवय समजत होतो त्या तीन होत्या, एकाच बाटलीत भरलेल्या. कॅफीन, साखर आणि फस्स. तिघांची ओढ वेगळी, तिघांचा जायचा वेळ वेगळा. तिघांना एकदम बाहेर काढायला गेलो म्हणून तिघांनी मिळून मला बाहेर काढलं.

दुसऱ्या खेपेला कॅफीनशी आधी तडजोड केली. आयुष्यात पहिल्यांदा चहा सुरू केला, बिनसाखरेचा, सकाळी एक कप, तीनला अर्धा. आईला तर आनंद झाला, पोरगा माणसात आला म्हणून. बाटली सहाशेवरून अडीचशेवर आणली. डोकं दुखलं नाही. हा पहिला टप्पा पंधरा दिवसांत निभावला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

साखरेनं जास्त दिवस घेतले. आधी एक चूक सांगतो, कारण ती तुम्ही सगळे करणार आहात. मी कोकमाकडे वळलो. मालवणहून अमृत कोकम मागवलं. देशी, घरगुती, पित्तावर उत्तम. आठवड्याभरानं बाटली फिरवून बघितली तर घटकांत साखर सगळ्यात वर. साहजिक आहे, कोकमाची फोडं साखरेतच तर मुरवतात. पन्ह्याची तीच कथा, उसाच्या रसाची तर विचारूच नका. आपलं ते साखरेसकट चांगलं, असं यकृत मानत नाही. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, तो बहुतेक तिथंच जाऊन पडतो, मग तो अटलांटाचा असो की मालवणचा.

‘डाएट’वाली बाटलीही महिनाभर करून बघितली. आमच्याकडे मधुमेहाचे पेशंट रोज विचारतात म्हणून सांगतो : साखर त्यात नाही हे खरं, ॲसिड मात्र असतंच, दाताचं कवच त्यानं झिजायचं ते झिजतं. आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असं आरोग्य संघटनेनं २०२३ च्या मे महिन्यात सांगितलंय; ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना मात्र ही शिफारस लागू नाही. माझा अनुभव एवढाच की जीभ होती तिथंच राहिली. गोडाची धार बोथट झाली नाही.

कामाला आली ती वेगळीच युक्ती, ती मला योगायोगानं सापडली. एकदा तीनला बाटली उघडली आणि दवाखान्यातून तातडीचा फोन आला. परत यायला दोन तास गेले. एप्रिलचं कराड, बाटली कोमट, फस्स गेलेलं. तहान लागली होती म्हणून तशीच तोंडाला लावली. खोकल्याचं सिरप! गारवा नाही, बुडबुडे नाहीत, उरला नुसता पाक. त्या दिवसापासून मी मुद्दाम तसंच प्यायचं ठरवलं : हवी तर पी, पण कोमट आणि उघडी ठेवलेली. बंदी नाही, फक्त पांघरूण काढून. महिनाभरात अडीचशेची बाटलीसुद्धा संपेना.

मध्ये पुतणीच्या लग्नात घोटाळा झाला. कोल्हापूर, मे महिना, तांबडा रस्सा, आणि ‘थंडा आण रे पाहुण्यांना’. एक घेतली. मग सहा दिवस रोज घेतली. पूर्वीचा मी म्हणाला असता, संपलं. पण तोवर लंडनमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं होतं. ९६ लोकांनी एकेक नवी सवय लावून घेतली, ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ आणि कुणाला अंदाजे २५४. आणि एखाद्या दिवशी चुकलं तर फारसं बिघडत नव्हतं. त्या २५४ वाल्याचा मला फार आधार वाटला. माझा तो माणूस! सातव्या दिवशी परत अर्धा कप चहा.

राहिलं फस्स. ते मी सोडलेलं नाही आणि सोडायचा विचारही नाही. साधा सोडा, लिंबू, चिमूटभर मीठ; रक्तदाब असेल तर मीठ नको. पूर्वी गोटी सोडा मिळायचा, अंगठ्यानं गोटी दाबली की तो आवाज यायचा, अर्धी तहान तिथंच भागायची. फक्त एक गैरसमज काढतो. ‘पित्त झालं, थंडा घेतला, ढेकर आला, बरं वाटलं’ असं रोज कुणीतरी सांगतं. अहो, तो ढेकर पित्ताचा नाही, आताच पैसे देऊन आत घातलेल्या वायूचा आहे. आणि लहान मुलाला जुलाब होत असताना तर हे अजिबात देऊ नका. ओआरएसच्या लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, यात शंभराच्या वर साखर. पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात.

आतल्या फ्रिजमध्ये आता फक्त औषधं आहेत. इथवर टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण अजून थोडं ऐका, नाहीतर मी खोटा ठरेन. पुढचा फ्रिज तिथंच आहे. धाकट्या भावाला मी दोनदा म्हटलं, देऊन टाकू परत. तो म्हणाला, “दादा, तू सोडलंस. गिऱ्हाइकानं कुठं सोडलंय?” उन्हाळ्यात त्या फ्रिजवर दुकानाचं लाइटबिल निघतं, हे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मी गप्प बसलो, अजून बसलोय.

आज इकडं यायला निघालो तेव्हा साडेचार वाजले होते. माझ्याच वयाचा एक माणूस आला, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या दोन स्ट्रिपा घेतल्या आणि पुढच्या फ्रिजमधून सहाशेची एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. उशीर झाला होता. मी काही बोललो नाही. दोन्ही एकाच पिशवीत घालून दिलं.