मासा नसलेली टाकी

समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी तयार होतेय. बादलीत पंप फिरतोय आणि पांढरं मीठ गरगरतंय. हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे; यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं समुद्रात असतं ते बरंच काही आहे. ८० लिटरला जवळपास तीन किलो लागलं. पाणी नळाचं नाही, आरओचं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला की निळ्या-पांढऱ्याची ही रेघ ३५ वर, म्हणजे समुद्राइतकी, यायला हवी. आली, की पाणी टाकीत.

आता खडक. नीट बघा, हे समुद्रातून उचललेले नाहीत, साच्यात ओतलेले आहेत. समुद्रातला असा खडक बऱ्याचदा दगडी प्रवाळाचा असतो, आणि दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. मालवणला ओहोटीच्या वेळी एखादा दगड हळूच पिशवीत घालावासा वाटतो, ठाऊक आहे. घालू नका. ओतलेल्या खडकालाही भोकं असतात, आणि आपल्याला हवी आहेत ती भोकंच.

तिथे जिवाणू राहायला येणार आहेत. ही बाटली म्हणजे त्यांचं विरजण. आणि जाळीच्या पिशवीत सोडलेली ही सालासकट कोळंबी म्हणजे त्यांचा खुराक. (वासाबद्दल शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं.) कोळंबी कुजते, अमोनिया सुटतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पाचव्या दिवशी परीक्षानळी हिरवीगार, म्हणजे अमोनिया चढलाय. पंधराव्या दिवशी दुसरी नळी जांभळी: नायट्राइट आलं. इथेच घाई करून मासा सोडला तर त्याचे कल्ले भाजतात आणि तो जातो.

काचेवरची ही चिकटपट्टी पाण्याच्या पातळीची खूण. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. मे महिन्यात तर ही पट्टी दिवसाआड उघडी पडते. दिवा बंदच, नाहीतर शेवाळ माजतं.

अडतिसावा दिवस. अमोनियाची नळी पिवळी, नायट्राइटची आकाशी. दोन्ही शून्य. साठलेलं नायट्रेट कमी करायला तिसरा हिस्सा पाणी बदललं.

खडकावर तपकिरी साय धरलीय. घाण वाटते, पण नव्या टाकीत ती बहुतेक येतेच. टाकीतली पहिली रहिवासी म्हणून सोडलेली ही गोगलगाय काच चढतेय, आणि तिच्यामागे स्वच्छ काचेची एक वाट उमटत चाललीय.