केळीच्या आळ्यातलं एक वर्ष

[टाइमलॅप्स : कापलेलं पिल्लू, सकाळ ते संध्याकाळ]

सकाळी बाबांनी हे पिल्लू, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेलं नवं रोप, जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवं कापलं. तेव्हा काप ताटलीसारखा सपाट होता. आता मधोमध बघा. पोपटी सुरळी वर सरकतेय. दुपारपर्यंत पेरभर आली, उन्हं कलताना बोटभर.

यात कॅमेऱ्याची काही करामत नाही. वेग तेवढा वाढवलाय.

[काप, अगदी जवळून]

आपण ज्याला खोड म्हणतो, ते केळीचं खोड नाहीच. ही सोपटं आहेत. एकात एक गच्च गुंडाळलेली, आणि प्रत्येक सोपट म्हणजे एकेका पानाचा तळ. नखाने दाबलं की पाणी येतं. आत पोळ्यासारखे हवेचे कप्पे दिसतायत ना, त्यांच्या आणि या पाण्याने आलेल्या ताठपणाच्या जोरावर हा डोलारा उभा राहतो. लाकूड औषधालाही नाही.

खरं खोड मातीत आहे, कंदाच्या रूपात. नवं पान तिथून निघतं आणि जुन्या सोपटांच्या नळीतून सरळ वर येतं. वरून कितीही छाटा, कोंब खाली शाबूत असतो. म्हणून नको असलेलं पिल्लू नुसतं कापून भागत नाही, पहारीने त्याचा कोंब उकरावा लागतो. बाबा हे दर महिन्याला करतात. आम्ही एकदाच चित्रित केलं.

[पिकलेलं केळं, उभा काप]

हे काळे ठिपके बघा. बियांची ही उरलीसुरली खूण. रानकेळीत याच जागी दाताखाली कडकड वाजणाऱ्या टणक बिया असतात. आपल्या केळीचे पूर्वज मुख्यतः दोन, मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. कोणत्या जातीत कोणाचा वाटा किती, हे पानाच्या देठापासून फुलापर्यंतच्या खुणांना गुण देऊन ठरवायची पद्धत सिमंड्स आणि शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडली. एए, एएए, एएबी, एबीबी ही अक्षरं त्यातूनच आली, अक्युमिनाटाचा ‘ए’ आणि बाल्बिसियानाचा ‘बी’. तीन अक्षरं म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, आणि तिनाची दोघांत सरळ वाटणी होत नाही. त्यामुळे बी धरत नाही. परागीभवनाशिवायही फळ भरतं, तो मात्र वेगळा गुण.

बी नाही, म्हणजे कोणीतरी पिल्लू काढून दुसरीकडे लावल्याशिवाय ही केळ लांब जाणार नाही. न्यू गिनीतल्या कुक इथल्या दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीच्या खुणा मिळाल्या आहेत. तेव्हापासून हा प्रवास असाच चालू आहे, या हातातून त्या हातात.

[दोन पिल्लं शेजारी ठेवलेली]

उजवीकडचं पिल्लू दिसायला गुटगुटीत, पानं रुंद. हे घेऊ नका. त्याची कंदाशी जोडणी वरवरची असते, ते नेटाने वाढत नाही. डावीकडचं किडमिडं वाटतं, पण पानं तलवारीच्या पात्यासारखी आणि बुंधा जाड. हा तलवारी मुनवा. लावायचा तो हाच.

खड्डा दोन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. दिवसभर ऊन लागेल अशी जागा. पाणी भरपूर, पण साचणारं नको, कारण साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरून कुजतात.

[मोरीच्या पाइपातून आळ्यात येणारं पाणी]

आता या आळ्याबद्दल. खरं तर हा माहितीपट केळ्यांपेक्षा आळ्याचाच आहे.

भाजी धुतलेलं, अंघोळीचं, फरशीचं पाणी इथे येतं. ब्लीच किंवा बोरॅक्स असलेलं पाणी तेवढं येत नाही. कडेने पालापाचोळा, ओला कचरा, चहाचा चोथा, मुठीमुठीने राख. राखेत पालाश (पोटॅश) असतं आणि केळीला पालाश किती दिलं तरी हवंच असतं. ढीग बुंध्यापासून हातभर लांब ठेवलाय, बुंध्याला चिकटून ओल राहिली की कूज लागते. वाळलेलं पान खाली आलं की बाबा तिथेच विळ्याने त्याचे तुकडे करतात.

या वर्षभरात घरातून कचऱ्याच्या गाडीत काय गेलं, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "प्लॅस्टिक."

[आळं, वरून]

एका आळ्यात तिघी. मधली उंच ती आई, कमरेएवढी ती लेक, आणि मातीतून भाल्यासारखं टोक काढलेली ती नात. चौथीला जागा नाही. सगळी पिल्लं ठेवली तर महिन्याभरात रान माजतं आणि घड होतो मनगटाएवढा. पिल्लू काढायला जीव धजावत नाही, हे कबूल. पण पहार चालवावी लागते.

[केळफूल बाहेर येताना, चार दिवस]

उबदार हवेत आठ-दहा दिवसांनी एक नवं पान. असं करत तीस-चाळीस पानं झाली की एक आखूड, ताठ पान येतं. हे शेवटचं. त्याच्या मागोमाग हे.

बाबांच्या भाषेत, केळ निसवली.

जांभळं पातं उचललं जातं, त्याखाली दोन ओळींत फुलं. हीच फणी. दुसरं पातं, दुसरी फणी. पहिली फुलं मादी, त्यांचीच केळी होतात. पुढे येतात ती नर फुलं, ती गळतात. मधमाश्या आल्या होत्या. त्यांची इथे गरज नाही, तरी त्या येतात.

[फण्या, तीन आठवड्यांचा टाइमलॅप्स]

सुरुवातीला बोटं खाली झुकलेली. मग एकेक करून वर वळतात. केळं वाकडं का, त्याचं उत्तर हेच.

कंदातला पानं देणारा कोंबच आता फूल होऊन वर आलाय. म्हणजे या केळीला यापुढे एकही पान येणार नाही. जी आठ-दहा आहेत, त्यांच्यावरच सगळा घड पोसायचा. वाऱ्याने चिरलेली पानं चालतात, ती चिरतातच. हिरवं पान मात्र या दिवसांत कोणी मागितलं तरी द्यायचं नाही. शेवटची फणी उघडली की वीतभर खाली केळफूल कापायचं. ते थेट स्वयंपाकघरात गेलं.

दोन काठ्यांची कैची करून घडाच्या गळ्याखाली टेकू दिला. शेजारच्या आळ्यात टेकू द्यायचा राहिला. ती केळ वादळात घडासकट आडवी झाली. रात्र होती, चित्रीकरण नाही.

[घड उतरवताना]

निसवल्यापासून तीन महिने उलटलेत. केळ्यांच्या कडा बुजल्या, अंग गोल झालं, टोकाची वाळकी फुलं हात लावताच गळतात. घड तयार आहे, हिरवा असला तरी. झाडावर पिकू दिला तर सालं फुटतात, आणि पाखरं आपल्या आधी जेवतात.

बाबा छातीच्या उंचीवर सोपटांत अर्धी खाच पाडतात. आवाज ऐका, ओला, करकरता. वरचा भाग सावकाश वाकतो, घड खांद्याच्या उंचीला येतो. मी दांडा धरला, त्यांनी वरून कापला. सदरा जुना घातला होता, कारण चिकाचा डाग आधी दिसत नाही, मग काळा पडतो आणि जात नाही.

नऊ फण्या.

वरची फणी आधी पिकते. एखादं पिकलेलं फळ सोबत ठेवलं तर लवकर, कारण त्यातून इथिलीन वायू सुटतो. आतला स्टार्च साखरेत उतरतो. हिरव्या गरात तो साधारण पाचवा हिस्सा असतो, पूर्ण पिकल्यावर जेमतेम एक-दोन टक्के. फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळं पडतं. खातानाचं दृश्य नाही. दोन्ही हात गुंतले होते.

[आईचे तुकडे, आळ्यात]

आता उभी सोपटं. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ओढून फेकून देतात बहुतेक लोक. बाबा आधी उभं चिरतात, म्हणजे सोंडकिडा आत घर करत नाही, मग हातभर तुकडे करून लेकीच्या भोवती रचतात, कापलेली बाजू वर. चढत्या उन्हात ते चकाकतायत.

लेक आता माझ्या उंचीची झालीय. आज तिची नवी सुरळी उलगडतेय.

[पुढे निवेदन नाही. पाइपातल्या पाण्याचा आवाज.]