वाळूत पुरलेल्या बांबूचे सूर

फिलिपिन्समधलं, मनिला उपसागराच्या कडेचं लास पिन्यास. एके काळी मिठागरांसाठी ओळखलं जाणारं हे गाव आता मनिला महानगरात पार मिसळून गेलंय. संत जोसेफ यांचं चर्च मात्र जागेवर आहे. फादर दिएगो सेरा हे इथले पहिले धर्मगुरू. मूळचे स्पेनचे.

भिंतींचा दगड ज्वालामुखीच्या राखेतून घडलेला. तो मऊ, घडवायला सोपा; पण देश भूकंपाचा, म्हणून भिंती जाडजूड. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. छत बांबूचं, दिवेही बांबूचे. ही सजावट मात्र जुनी नाही. १९७०च्या दशकात वास्तुविशारद फ्रान्सिस्को मान्योसा यांच्या देखरेखीखाली चर्चचा जीर्णोद्धार झाला, तेव्हाची आहे. कुणाला ती जुन्या दगडाशी विसंगत वाटेल. मला नाही वाटत, कारण इथलं खरं वैभवही बांबूचंच आहे.

ते बघा, सज्जात. ऑर्गन, नळ्यांत हवा फुंकून वाजणारं चर्चचं भलंमोठं वाद्य! एकूण १०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. जवळून पाहिलं तर पेरं स्पष्ट दिसतात. हवा अरुंद फटीतून येते, नळीच्या ओठावर आपटते आणि सूर उमटतो. पण बांबू काही साच्यातून निघत नाही. एकाची पोकळी दुसऱ्यासारखी नसते, त्यामुळे प्रत्येक नळी कानाने ऐकून जुळवावी लागते.

सेरांनी १८१६ साली काम सुरू केलं. तोडलेला बांबू त्यांनी किनाऱ्यावरच्या वाळूत पुरून ठेवला. कीड लागायचा तो बांबू तिथेच बाद झाला, तग धरलेला कामी आला. समोर आडव्या रोखलेल्या तुताऱ्या मात्र धातूच्या आहेत, खास स्पॅनिश थाटाच्या. त्या बसल्या आणि १८२४ मध्ये वाद्य पुरं झालं. आणखी एक गंमत सेरांनी करून ठेवलीय: एक खटका ओढला की पाण्यात तोंड बुडवलेल्या छोट्या नळ्या पाखरांसारख्या किलबिलतात.

पुढे भूकंप झाले, वादळं झाली, छप्पर गेलं, ऑर्गनची वाताहत झाली. अखेर १९७३ मध्ये तो जर्मनीला, बॉनच्या क्लाइस या कारखान्यात गेला. कोरड्या थंडीत बांबू तडकला असता. म्हणून त्या लोकांनी एका खोलीत मुद्दाम लास पिन्यासची दमट, उबदार हवा तयार केली. १९७५ मध्ये वाद्य घरी परतलं.

आता दर फेब्रुवारीत इथे ऑर्गन महोत्सव भरतो. देशोदेशीचे वादक येतात आणि या वाद्याशी जुळवून घेतात. स्वरपट्टी, म्हणजे बोटांनी दाबायच्या पट्ट्यांची ओळ, एकच; तीही मधोमध विभागलेली: डावीकडे खर्जाचे सूर, उजवीकडे वरचे, कुठल्या नळ्या वाजायच्या ते ठरवणारे दोन्हींचे खटके वेगळे. दोन-तीन स्वरपट्ट्यांसाठी लिहिलेल्या भल्यामोठ्या रचना इथे जशाच्या तशा वाजत नाहीत. सेरांच्या मायदेशातलं जुनं स्पॅनिश संगीत मात्र चपखल बसतं.