फट, बोगदा आणि सेकंद: 'डस्ट टू' कसा चालतो

[दृश्य: वाळूच्या रंगाच्या भिंती. समोर लाकडी दुहेरी दार. कॅमेरा दारामधल्या फटीवर स्थिर.]

'डस्ट टू' हा काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधला नकाशा. पाच टेररिस्ट ए किंवा बी या दोनपैकी एका साइटवर बॉम्ब लावायला बघतात, पाच काउंटर-टेररिस्ट त्यांना अडवतात. मिडची, म्हणजे मधल्या वाटेची, ही दारं पूर्ण मिटलेली नाहीत. मधे थोडी फट आहे. राउंड सुरू होताच टेररिस्ट बाजूचा एक जण एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक घेऊन स्पॉनच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागेच्या, उंचवट्यावर उभा राहायचा आणि त्या फटीवर नेम धरायचा. काउंटर-टेररिस्टांना बी साइटकडे जायचं, तर दारांच्या मागून आडवं पळावं लागतं. फटीतून पळणारा दिसायचा तो निमिषभर. तेवढ्यात गोळी बसली, की उरलेला राउंड पाच विरुद्ध चार.

[दृश्य: जुन्या काउंटर-स्ट्राइकमधला डस्ट टू, वरून.]

डेव्ह जॉन्स्टन या इंग्लंडच्या तरुणाने 1999 मध्ये 'डस्ट' हा आधीचा नकाशा बनवला, तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. 'डस्ट टू' आला मार्च 2001 मध्ये. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तासाच्या हिशोबाने काउंटर-स्ट्राइक 1.6 खेळलेल्यांना यातला कोपरा न् कोपरा पाठ असेल. सारखं खेळल्याने तो पाठ झाला, हे खरंच. पण त्याची आखणीही लक्षात राहावी अशीच आहे.

इंग्रजी आठचा आकडा आडवा काढा. खालच्या अंगाला टेररिस्ट, वरच्या अंगाला काउंटर-टेररिस्ट. उजव्या वेढ्यात ए साइट, डाव्या वेढ्यात बी. दोन वेढे जिथे एकमेकांना चिकटतात ती उभी पट्टी म्हणजे मिड. मिडमध्ये बॉम्ब लावता येत नाही, तरी भांडण तिथेच होतं. कारण मिडमधून शॉर्ट ही आखूड वाट चढून ए गाठता येतो आणि दारांतून पलीकडे जाऊन बीला मागून घेरता येतं. मिड हातात आला की बचाव करणाऱ्या पाच जणांना दोन्हीकडे डोळा ठेवावा लागतो.

[दृश्य: पळणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यांतून. कोपऱ्यात घड्याळ.]

आता सेकंदांकडे या. सगळा नकाशा यावर उभा आहे.

काउंटर-स्ट्राइकमध्ये अंतर युनिटमध्ये मोजतात. हातात सुरी असेल तर खेळाडू सेकंदाला 250 युनिट पळतो. एके-47 घेऊन 215, एडब्ल्यूपी घेऊन 200. म्हणजे 2000 युनिटची वाट सुरीवाला 8 सेकंदांत संपवतो, एकेवाल्याला 9.3 लागतात आणि एडब्ल्यूपीवाल्याला 10. म्हणून सुरुवातीला सगळे सुरी काढून पळतात आणि दार जवळ आलं की बंदूक हातात घेतात. हे दोन सेकंद फुकट मिळत नाहीत. बंदूक काढायला उशीर झाला, तर कोपऱ्यावर आयतं सापडायचं.

लाँगची, म्हणजे ए साइटकडच्या लांब वाटेची, दारं बघा. टेररिस्टाला लाँगवर यायचं तर आधी एक दार, मग छोटी अंधारी जागा, मग दुसरं दार ओलांडावं लागतं. बाहेर पडलं की जवळच निळा कंटेनर, एकीकडे पिटचा खड्डा आणि दुसरीकडे ए साइटपर्यंत गेलेला लांबलचक रस्ता. दोन्ही बाजूंचे खेळाडू या दारांपाशी जवळजवळ एकाच वेळी पोचतात. स्पॉनमध्ये कोणाला पुढची जागा मिळाली, एवढ्यावरही पहिली चकमक फिरते. म्हणून जाणते संघ राउंड सुरू व्हायच्या आधीच बघून घेतात, लाँगसाठी कोणाचा स्पॉन चांगला आहे. लाँगला पळायचं ते त्यानेच.

बीचा बोगदा अगदी उलट. अप्पर टनेलमधून बीत उतरायला एकच अरुंद तोंड आहे. आतले पाच जण एकामागून एक बाहेर येणार आणि समोरचा मात्र गाडीच्या मागे, प्लॅटफॉर्मवर, खिडकीत किंवा दारात कुठेही असू शकतो. इथे नवखे संघ नेहमी एकच चूक करतात: पहिला जण फ्लॅशमागे (डोळे दिपवणाऱ्या ग्रेनेडमागे) धावतो आणि दुसरा चार पावलं मागे राहतो. फ्लॅशचा असर ओसरेपर्यंत दुसरा पोचतच नाही. पहिला पडला तर त्याचा बदला लगेच घेता आला पाहिजे, एवढं अंतर राखायचं. स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, दार आणि खिडकीवर टाकायचा, म्हणजे स्पॉनकडून येणारी मदत काही काळ थांबते.

[दृश्य: खोकं, भिंत आणि खेळाडू यांच्या उंचीची आकृती.]

उंचीचा हिशोब प्रेक्षकाला दिसत नाही, पण खेळताना तो पदोपदी जाणवतो. उभा खेळाडू 72 युनिट उंच, त्याचे डोळे 64 वर. वाकला की उंची 54. आता 56 युनिटची भिंत बांधा. मागे उभा असलेला माणूस बाहेरचं सगळं बघतो आणि त्याचं फक्त 16 युनिट डोकं उघडं राहतं. अशी जागा नकाशात चुकून राहिली, की तिथल्या माणसाला हलवायला स्मोक किंवा आग लावणारा मोलोटोव्हच खर्च करावा लागतो. मुद्दाम ठेवली असेल तर तिच्यावर बाजूने मारता येईल असा दुसरा कोन द्यायलाच हवा. पायरी 18 युनिटपर्यंत असेल तर पाय आपोआप चढतो, त्याहून उंच असेल तर उडी लागते. 64 युनिटच्या खोक्यावर नुसत्या उडीने जाता येत नाही, हवेत असतानाच वाकावं लागतं. मिडमधून शॉर्टवर चढायला खेळाडू ज्या खोक्याला 'एक्सबॉक्स' म्हणतात, त्याच्यावर नवखा हमखास इथेच अडखळतो.

कोपऱ्याचंही असंच आहे. भिंतीला चिकटून उभा राहणारा आपला खांदा आधी दाखवतो, भिंतीपासून लांब उभा असलेला त्याला आधी बघतो. त्यामुळे कोपऱ्यामागे मागे सरकायला किती जागा ठेवली, त्यावर तो कोपरा कोणाचा हे ठरतं.

[दृश्य: 2017 चा नवा डस्ट टू.]

2017 च्या सुरुवातीला 'डस्ट टू' स्पर्धांच्या नकाशांतून काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या रूपात आणला. वाटा त्याच राहिल्या. बदलला तो मुख्यतः उजेड आणि भिंतींवरचा पसारा. गर्द कोपऱ्यात गर्द कपड्यांचा माणूस दिसेनासा होत होता. मागची भिंत साधी आणि उजळ केली की तो उठून दिसतो. स्पर्धेच्या नकाशात सजावट नेहमी डोळ्यांच्या पातळीच्या वर करावी, आमचं तरी ठाम मत हेच आहे. फटीतल्या त्या नेमबाजीवरही काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये 2021 साली उपाय झाला: टेररिस्ट स्पॉनमधून मिडच्या दारांपलीकडे दिसणं बंद केलं. एका फटीसाठी नकाशात हात घालावा लागला.

[दृश्य: व्हॅलोरंट या तशाच नेमबाजीच्या गेममधला 'लोटस'.]

दोन साइट, त्याही शेजारी-शेजारी, हा काही नियम नाही. काउंटर-स्ट्राइकच्याच 'न्यूक' नकाशात दोन्ही साइट एकमेकींच्या वर-खाली आहेत. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या व्हॅलोरंटच्या 'लोटस'मध्ये तीन आहेत, आणि तो नकाशा आपल्या पश्चिम घाटातला दाखवलाय. पाच जण तीन साइटवर वाटले की कुठेतरी एकटाच उरतो. त्यामुळे तिथे मदतीची वाट छोटी ठेवावी लागते. 'लोटस'ची फिरती दगडी दारं त्या वाटेवर आवाज करतात आणि कोण कुठे चाललंय याचा सुगावा देतात.

[दृश्य: हॅमर एडिटर, नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. करड्या भिंती, रंग नाही.]

स्वतःचा नकाशा करायचा असेल तर रंगरंगोटीला हात लावू नका. आधी सगळं करड्या ठोकळ्यांचं उभं करा. दोन्ही स्पॉन ठेवा, सुरी घेऊन प्रत्येक वाटेने पळा आणि सेकंद लिहून काढा. बॉम्ब लावल्यावर 40 सेकंद असतात, किटशिवाय (निकामी करायच्या अवजारांशिवाय) तो निकामी करायला 10 लागतात, किट असेल तर 5. म्हणजे दुसऱ्या साइटवरून येणाऱ्याला वाट, चकमक आणि ते 10 सेकंद हे सगळं 40 मध्ये बसवायचंय. वाट 25 सेकंदांची झाली तर लढायला 5 उरतात, आणि खेळाडू बॉम्ब सोडून बंदूक वाचवायला लागतात. मग साइट पुढे घ्या, नाहीतर मधला वळसा कापा. 64 युनिटची एक भिंत हलवा आणि तीच वाट पुन्हा पळून बघा.