पंक्चर झालं ते कुठल्या देशात?

नमस्कार.

रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या माणसाच्या मानेला एक सवय लागते. दर मिनिटाला मान उजवीकडून मागे वळते. ट्रक आला का, एसटी आली का, कोणी मोबाईल कानाला लावून येतंय का. मला ही सवय लागून पन्नास वर्षं झाली. ती सुटली एका दिवसात, आणि सुटली जर्मनीत. आता जर्मनीत म्हणायचं की बेल्जियममध्ये, याचा निकाल माझ्या मते अजून लागलेला नाही. त्याच्याकडे येतेच.

माझी मुलगी आखनला असते. जर्मनीच्या पश्चिम टोकाचं हे शहर, एका अंगाला बेल्जियम, दुसऱ्या अंगाला नेदरलँड्स. तिथल्या तंत्रविद्यापीठात आपली इतकी मुलं शिकतात, की गणपतीत मोदक वळायला हात कमी पडत नाहीत. या आखनमधून एक सायकलची वाट निघते. तिचं नाव फेनबान. फेन म्हणजे दलदलीचं, पाणथळ माळरान, आणि बान म्हणजे रेल्वे. आखनपासून लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्ज गावापर्यंत, सव्वाशे किलोमीटर. तीन देश, आणि मोटार एकही नाही. अधूनमधून एखादा रस्ता आडवा जातो, तेवढाच.

हा जुना रेल्वेमार्ग आहे. प्रशियाच्या सरकारने 1880 च्या दशकात तो घातला. आखनकडचा कोळसा दक्षिणेला लक्झेंबर्गच्या भट्ट्यांकडे जायचा आणि तिकडून लोखंड वर यायचं. पुढे गाड्या कमी झाल्या, शेवटी बंदच पडल्या. रूळ उखडले, खडीच्या जागी डांबर आलं, आणि 2013 साली सगळी वाट सायकलींसाठी तयार झाली.

रेल्वेची वाट सायकलला इतकी का मानवते? कारण इंजिनाला चढ आवडत नाही. वाफेचं इंजिन जड डबे ओढत खडा चढ चढूच शकत नाही, म्हणून त्या काळच्या इंजिनियरांनी डोंगराला वळसे घातले, दऱ्यांवर पूल बांधले, टेकड्या कापल्या. चढ ठेवला शंभर मीटरला फार तर दोन मीटर. लक्षात ठेवा, शंभराला दोन. आपला पसरणीचा घाट आठवा, आणि मग शंभराला दोन म्हणजे काय ते बघा. चढतोय हे पायांना कळतच नाही, फक्त तासाभराने पाणी जास्त प्यावंसं वाटतं.

जाता जाता एक बोलते. आपल्याकडे वऱ्हाडात अचलपूर, मूर्तिजापूर, यवतमाळ अशी शकुंतला होती. कापसासाठी घातलेली अडीच फुटी रुळांची गाडी. तिकडच्या लोकांना गाडीच परत हवी आहे, आणि त्यांचं बरोबर आहे, तिकीट परवडणारी गाडी कोणाला नको? पण जिथे गाडी कधीच परत येणार नाही असे मार्गही राज्यात आहेत. त्या पट्टीवर झोपड्या आणि उकिरडे व्हायच्या आत कोणीतरी दोन झाडं लावून सायकली सोडाव्यात, असं माझं मत आहे. आणि आमच्या शहरातल्या सायकल ट्रॅकवर दुचाक्या लावणाऱ्यांबद्दलही माझं एक मत आहे, पण ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

असो. फेनबानची खरी गंमत पुढेच आहे. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली. व्हर्सायच्या तहाने यूपेन आणि माल्मेडीचा मुलूख बेल्जियमकडे गेला. पण रेल्वे कशी, ती आपली कधी या मुलखातून, कधी जर्मनीतून. बेल्जियम म्हणाला, मुलूख आमचा, तर त्याला जोडणारा लोहमार्गही आमचाच. आणि तसं झालं! रुळांची अरुंद पट्टी बेल्जियमची, आणि मैलोन्‌मैल दोन्ही बाजूंची शेतं, घरं, गोठे जर्मनीचे. पट्टीच्या पश्चिमेला जर्मनीचे जे तुकडे अडकले त्यातले पाच आजही आहेत. त्यातला र्‍युकश्लाग नावाचा तुकडा म्हणजे एक घर आणि त्याचं आवार. बस्स. चारी बाजूंनी बेल्जियम. आपल्याकडे भावकीत वीतभर बांधासाठी तीन पिढ्या तारखा पडतात, त्यामुळे मला यात नवल वाटायला नको होतं, पण वाटलं.

रूळ गेले तरी पट्टी बेल्जियमचीच राहिली. म्हणजे तुम्ही सायकलवर असता तेव्हा बेल्जियममध्ये, आणि पाय टेकायला बाजूला उतरलात की जर्मनीत. हे ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट यावरच आहे.

मे महिना होता. मी आणि माझी मुलगी, दोघीच. माझी सायकल भाड्याची, तिची स्वतःची. मी सलवार कमीज घातलेला आणि ओढणी कमरेला गच्च गाठ मारून बांधलेली, कारण ओढणी आणि चेन यांचं वैर मला चांगलं माहीत आहे. सकाळी निघालो. कॉर्नेलीम्युन्स्टर मागे पडलं. नवव्या शतकातला मठ आणि त्याच्या पायाशी करड्या दगडांची, लाकडी चौकटींची घरं, असं गाव. मग बीच नावाच्या झाडांचं जंगल. नुकती पालवी फुटलेली, ऊन पानातून गाळून खाली येतंय, आणि आवाज कसला तर टायरचा आणि कोकिळेचा. तिकडची कोकिळा खरोखर ‘कुकू’ म्हणते हो, घड्याळातल्यासारखी. माझ्या मानेने पहिले दोन तास इमानाने मागे वळून बघितलं. तिसऱ्या तासाला ती विसरली.

तीसेक किलोमीटर झाले असतील. कोन्त्सेन गाव जवळ आलं होतं. तिकडे घरांना बीचचीच कुंपणं घालतात, साधीसुधी नाहीत, घराच्या छपराएवढी उंच. फेनवरून येणारा वारा अडावा म्हणून. एका अशा कुंपणाच्या कडेला माझं मागचं चाक बसलं. फुस्स नाही, हळूहळू.

मुलगी म्हणाली, काळजी करू नको, ट्यूब आणलीये. आणली होती खरी, पण तिच्या सायकलच्या मापाची. माझ्या चाकाला ती लहान. मग तिने मोबाईल काढला आणि दुकान शोधायला लागली. मी म्हटलं, ठेव तो. माझे वडील वाईला सायकलचं दुकान चालवायचे. तासाला वीस पैसे भाडं. हाफ पायडल मारणारी पोरं सायकली नेऊन पंक्चर करून आणायची, आणि शाळेतून आले की पंक्चर काढायचं काम माझं. सीटखालच्या पिशवीत ठिगळं होती, सोल्युशन होतं, पॉलिश पेपरचा तुकडा होता. नव्हतं काय, तर पाणी. भोक इतकं बारीक, की पाण्यात बुडवल्याशिवाय सापडायचं नाही.

कुंपणापलीकडे एक आजोबा कात्रीने फांद्या छाटत होते. ऐंशीच्या पुढचे. मुलीने जर्मनमध्ये सांगितलं, आईला परात भरून पाणी हवंय. त्यांना वाटलं मला पाय धुवायचेत! आत गेले आणि घेऊन आले काय, तर तामचिनीचं पांढरं घमेलं, निळ्या काठाचं, एका जागी टवका उडालेलं. अगदी आमच्या दुकानातलं. मला भरूनच आलं.

मी अंगणात बसकण मारली. आता मी जर्मनीत, आणि माझी सायकल उलटी करून ठेवलेली बेल्जियममध्ये. फोन दोन देशांमध्ये गोंधळलेला. टुंग, बेल्जियममध्ये स्वागत. टुंग, जर्मनीत स्वागत. पंक्चर काढेपर्यंत माझं नऊ वेळा स्वागत झालं. त्या रोमिंगचं बिल किती आलं ते मी घरी अजून सांगितलेलं नाही. आता कळेल.

ट्यूब पाण्यात फिरवली, बुडबुडा आला. पुसलं, घासलं, सोल्युशन लावलं. आजोबा घाईने ठिगळ पुढे करायला लागले. मी हात आडवा केला. वडील म्हणायचे, सोल्युशन वाळू दे, घाई करणाऱ्याचं गिऱ्हाईक परत येतं. बोट लावल्यावर चिकटू नये पण ओढावं, तेव्हा ठिगळ. तोवर मी टायरच्या आतून अंगठा फिरवला. हे विसरू नका हं, ट्यूब नीट केली आणि टायरमधला काटा तसाच राहिला तर पुढच्या वळणावर पुन्हा बसाल. काटा सापडला. बारीक, काळा. मी तो आजोबांच्या हातावर ठेवला.

ते खो खो हसायला लागले. शेडमध्ये गेले आणि एक गंजकी वस्तू आणून माझ्या पुढ्यात टाकली. चार टोकं, कशीही टाकली तरी एक टोक वर. मी म्हटलं, अगं, हे तर गोखरू! आपल्या माळावर उगवतं ना, सराटा, तसंच. पण लोखंडाचं.

मग त्यांनी गोष्ट सांगितली, आणि मुलगी मला मराठीत सांगत गेली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ते लहान होते. जर्मनीत कॉफीवर जबर कर, किलोला दहा मार्क. बेल्जियममध्ये कॉफी स्वस्त. आणि बेल्जियम कुठे? अंगणाच्या टोकाला! सगळा मुलूख कॉफी आणायला लागला. जंगलातून, दलदलीतून, रात्री, पाठीवर पोती. पोरं कोटाच्या अस्तरात दाणे भरून आणायची, हेही त्यातलेच. आठ-नऊ वर्षांचे असतील. गमतीची गोष्ट नव्हती ती, गोळ्या चालायच्या, माणसं मेली. मोठे तस्कर मोटारींतून यायचे आणि मागे कस्टमची गाडी लागली की रस्त्यावर ही लोखंडी गोखरं फेकायचे. मग कस्टमवाल्यांनी काय करावं? त्यांनी एका पोर्शे गाडीच्या पुढच्या चाकांसमोर झाडू बसवले. खरंच. झाडू! गाडी धावतेय आणि पुढे रस्ता झाडला जातोय.

जवळच श्मिट नावाचं गाव आहे, लढाईत सगळं उद्‌ध्वस्त झालेलं. तिथलं चर्च पुन्हा बांधायला तस्करांनी वर्गणी सढळ हाताने दिली म्हणतात. म्हणून लोक त्या चर्चला आजही सेंट मोक्का म्हणतात. शेवटी 1953 साली सरकारने कर उतरवला आणि धंदा बसला.

एवढं बोलून ते आत गेले आणि कॉफी घेऊन आले. मी चहावाली. परदेशातला चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पुडी, त्याला चहा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त पीत नाही. पण ती कॉफी प्यायले. दोन कप प्यायले.

निघताना मी विचारलं, आजोबा, माझं पंक्चर नक्की कुठल्या देशात झालं? त्यांनी चाकाकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं, आणि अगदी न्यायाधीशासारखं सांगितलं, “काटा माझ्या कुंपणाचा, म्हणजे जर्मन. पण हवा गेली ती बेल्जियममध्ये.”

काचेपलीकडून निर्माते घड्याळ दाखवताहेत. म्हणजे वाटेवरच्या मोन्शाऊ गावाबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं ते राहिलं. थोडक्यात सांगते. वाटेवरून खाली दरीत उतरावं लागतं, रूर नदीच्या काठी. पाटीच्या दगडांची काळी छपरं, लाकडी चौकटींची घरं, आणि अठराव्या शतकात कापडाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं लाल घर. मोहरीची जुनी गिरणीही आहे, तिथली मोहरीची चटणी घ्या. उतरताना मजा, पण परत वाटेवर यायचा चढ शंभराला दोन नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही सायकली ढकलत आणल्या. त्यापुढे सुरब्रोटच्या बाजूला वाट सर्वात उंच, साधारण साडेपाचशे मीटर, आणि तिथे झाडं संपून मोकळं फेन लागतं.

ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी उलटं करावं. लक्झेंबर्गच्या त्रुआव्हिएर्जपर्यंत आगगाडीने जावं आणि तिथून आखनकडे यावं. तिकडून चढ कमी, उतार जास्त. घाई नको, तीन दिवस ठेवा. आणि निघण्याआधी ठिगळांच्या डबीतली सोल्युशनची ट्यूब दाबून बघा. एकदा उघडलेली असेल तर ती आतल्या आत वाळून गेलेली असते.