करसिव्ह, मोडी आणि चार रेघी वही

(मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात गावच्या वाचनालयात केलेलं भाषण, थोडं काटछाट करून.)

अध्यक्ष महाराज, सरपंचताई, मंडळी, आणि माझे जुने विद्यार्थी, म्हणजे जे आजही मागच्या रांगेतच बसले आहेत!

पत्रिकेत विषय छापला आहे, ‘शाळेत करसिव्ह शिकवावं का?’ करसिव्ह म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून वळणदार लिहिणं. वेळ छापली आहे पाऊण तास. त्यातला पाव तास शाल-श्रीफळात गेला. हा विषय कोणी दिला म्हणाल तर मीच मागून घेतला. घरी हे कोणी ऐकून घेत नाही. सूनबाई म्हणते, बाबा, तुरी निघाल्या, आता तरी सोडा तो विषय. इथं तुम्हाला उठून जाता येत नाही, कारण चहा शेवटी आहे.

तर, माझी नात तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत पहिलीत आहे. शाळेचं नाव घेत नाही, भांडण वाढवायचं नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी पाहतो तर पोरगी वहीवर डोकं ठेवून मुसमुसत होती. म्हटलं, ‘काहून रडून राह्यली बाई?’ तर म्हणते, ‘आबा, माझा आर चुकते.’ वही पाहिली. चार रेघी वही, तुम्हाला ठाऊक आहे, वर लाल, मध्ये दोन निळ्या, खाली लाल. निळ्या रेघांत आर बसवायचा. आता छापील आर म्हणजे एक काठी आणि वर छोटा वाक. करसिव्हचा आर तसा नसतो. तो खालून वर चढतो, माथ्यावर एक बारीक गाठ मारतो, थोडा आडवा चालतो आणि मग उतरतो. ती गाठ हिच्याकडून होत नव्हती. रबरानं खोडून खोडून तिथं कागदाला भोक पडलेलं, आणि त्या भोकाच्या बाजूला मॅडमचा लाल शेरा, ‘इम्प्रूव्ह हँडरायटिंग’. शेरा कोणत्या अक्षरात होता, सांगा? छापील! सुट्टा सुट्टा! मॅडमना स्वतःला घाई होती ना.

मी शाळेत गेलो. गेलोच! मास्तरकी सुटली तरी सवय सुटत नाही. विचारलं, ‘मॅडम, हिचं पुस्तक कोणत्या अक्षरात आहे?’ म्हणाल्या, छापील. ‘फळ्यावर तुम्ही काय लिहिता?’ दोन्ही. ‘मग हिनं एकाच वर्षात किती आकार शिकायचे?’ त्यांनी मोजले नव्हते, मी घरून मोजून गेलो होतो. सव्वीस मोठी छापील, सव्वीस लहान छापील, सव्वीस मोठी करसिव्ह, सव्वीस लहान करसिव्ह. झाले १०४. वरून आपली मुळाक्षरं आणि बाराखडी आहेच. सहा वर्षांच्या पोरीनं! त्यातही करसिव्हचा मोठा क्यू हुबेहूब दोनाच्या आकड्यासारखा, मोठा जी आणि मोठा एस ओळखायला भिंग पाहिजे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘सर, पालकांना आवडतं. करसिव्ह दिसलं की त्यांना शाळा चांगली वाटते.’

या उत्तरावर मला राग येत नाही, कारण ते खरं आहे. आपण पालकच तसे. पोरगं काय वाचतं ते पाहणार नाही, पण पाहुणे आले की वही काढून दाखवणार, ‘बघा जी, कसं मोत्यासारखं!’ मोत्यासारखं अक्षर म्हणजे हुशार पोरगं हा हिशोब आपल्या डोक्यात पक्का बसला आहे. मग डॉक्टर लोक कुठून झाले बाप्पा? त्यांना तर २०१६ साली वैद्यक परिषदेला नियमच करावा लागला, की औषधाचं नाव वाचता येईल असं लिहा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. शिकून सवरून शेवटी कॅपिटल! बँकेचा अर्ज घ्या, बोर्डाचा घ्या, वर काय छापलेलं असतं? कॅपिटल अक्षरांत भरावा. आयुष्यात करसिव्ह मागतो कोण? मला सापडली ती फक्त सही, आणि सही मराठीतही चालते.

हे वळणदार जोडून लिहिणं आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हटलं की माझे विद्यार्थी हसतात, हसू द्या. पिसाचा टाक असो की लोखंडी निबाचा होल्डर, शाईत बुडवून लिहिताना तो दर अक्षराला उचलला की डाग पडायचा, वेळ जायचा. म्हणून हात न उचलता ओढत न्यायचा. आमच्या वयाच्या मंडळींनी होल्डर धरला आहे, त्यांच्या सदऱ्याचे खिसे साक्षीला आहेत. म्हणजे करसिव्ह ही घाईत लिहिणाऱ्या कारकुनाची सोय. बॉलपेन आलं, डाग गेला, सोयीचं कारण गेलं, आणि राहिली ती शोभा.

आणि अशी घाईची लिपी आपल्याकडे नव्हती का? मोडी होती! आता इथं थोडा वेळ घेतो.

आमच्या आळीत दोन चुलतभावांचं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण होतं, बापजाद्यांपासून चालत आलेलं. दोघांचाही जीव एका कागदात. लोखंडी पेटीत, लाल फडक्यात गुंडाळलेला मोडी कागद. थोरला म्हणायचा, यात धुरा माझ्याकडे आहे. धाकटा म्हणायचा, वाचून दाखव. वाचणार कोण? तलाठ्याला येत नाही, वकिलाला येत नाही, मला येत नाही. शेवटी अमरावतीहून एक म्हातारे जाणकार आणले. ओसरीवर सतरंजी टाकली, दोन्ही घरं समोरासमोर, मध्ये मी पंच.

मोडीचं पान कधी जवळून पाहिलं आहे का? आधी या काठापासून त्या काठापर्यंत एक सरळ रेघ ओढलेली. मग त्या रेघेला खाली अक्षरं लटकवत न्यायची, बोरू शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही. पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हे ऐकून समोरची सातवीतली पोरं एकदम सावध झाली, की सर, हीच लिपी आणा! तर त्या म्हाताऱ्यांनी भिंग लावलं, बोट रेघेखालून सरकवत वाचू लागले, ‘गूळ… तेल… सुपारी… वाजंत्री…’ थोरला म्हणाला, पुढं धुरा असंल. पुढं पत्रावळी निघाल्या. तो कागद लग्नाच्या खर्चाची याद होती! पिढ्यान्पिढ्या दोन घरं ज्याच्यासाठी एकमेकांच्या पंगतीला गेली नाहीत, ते पणज्याच्या लग्नाचं सामान. भांडण मिटलं का? नाही जी. वाजंत्रीचे पैसे कोणत्या घरानं दिले, यावर नवं सुरू झालं.

हसू नका, ज्यांच्या घरात पेटी आहे त्यांनी तर मुळीच नाही. नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरातून मोडीच चालायची. बंगालात सेरामपूरला केरी नावाच्या मिशनरी साहेबानं १८१० साली मराठीचा कोश छापला, तोही मोडीचे छपाईचे खिळे पाडून. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा सरकारला मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, म्हणजे मोबाइलला ती ठाऊक आहे आणि आपल्याला…

चिठ्ठी आली. अध्यक्ष लिहितात, ‘दहा मिनिटं’. अक्षर छान आहे. सुट्टं.

बरं, मुद्द्यावर येतो. पहिली गोष्ट, हातानं लिहिणं वेगळं आणि करसिव्ह वेगळं. लोक दोन्हीची गल्लत करतात. नॉर्वेत ट्रॉण्डहेमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या, २०२४ मध्ये तो अभ्यास छापून आला. हातानं लिहिताना मेंदूचे भाग टंकलेखनापेक्षा किती तरी जास्त एकमेकांशी जोडले जाताना दिसले. तो दाखला हातानं लिहिण्याच्या बाजूचा आहे. जोडून की सुट्टं, ही तुलना त्यात नाहीच. तरी करसिव्हच्या वह्या विकणारे तोच पुढं करतात. जगातही एकमत नाही. फिनलंडनं २०१६ पासून जोडून लिहिणं शिकवायची सक्ती काढली. अमेरिकेत २०१० च्या सामाईक अभ्यासक्रमात ते नव्हतंच, आणि कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा करून परत आणलं.

दुसरी गोष्ट. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ठीक. पण पहिली-दुसरीत इंग्रजीचं एकच वळण द्या, जे पुस्तकात आहे तेच. पाचवी-सहावीत ज्याला हौस असेल त्यानं जोडून लिहावं. करसिव्ह वाचता यावं एवढं सगळ्यांना शिकवा, त्याला आठ-पंधरा दिवस पुरतात.

तिसरी. वेग मराठीत शिकवा. आज पोरं पेपरात घाईनं शिरोरेघ सोडतात, कोणी सांगतच नाही की कुठं सोडायची नाही. रेघ गेली की भ आणि म, ध आणि घ यांचा फरक गेला. एका पोट्ट्यानं निबंधात लिहिलं होतं, ‘माझा माऊ पुण्याला नोकरीला आहे.’ मी अर्धं पान मांजरीचा निबंध समजून तपासला! हे शिकवायला फळा आणि रोजची वीस मिनिटं लागतात, दुसरं काही नाही. इथून वर्ध्याकडं तोंड केलं तर सेवाग्राम आहे. गांधीजींचं स्वतःचं अक्षर खराब, त्याची त्यांना आयुष्यभर चुटपुट. त्यांचं म्हणणं होतं की पोराला आधी चित्र काढायला शिकवा, अक्षर त्यानंतर. १९३७ ची शिक्षण परिषद याच वर्ध्यात भरली. आणि आपण चित्रकलेच्या तासाला करसिव्ह गिरवतो.

चौथी, मोडी. आठवी-नववीत शनिवारची एक तासिका, फक्त वाचनापुरती. शिकवणार कोण, असं विचारू नका. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, नागपुरात त्यांचं कार्यालय आहे, आपल्या दोन शिक्षकांना सुटीत पाठवता येतं. खर्च मी… खर्चाचं नंतर बोलू, सूनबाई समोर बसली आहे.

शेवटचं सांगतो. आपल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीपासून करसिव्ह सुरू करा, असा पालकांचा अर्ज हेडमास्तरांकडे गेला आहे. सह्या करणारे निम्मे इथंच आहेत, मान खाली घालू नका. तो अर्ज मी पाहिला. तालुक्याहून टाईप करून आणला आहे, आणि सह्या सगळ्या मराठीत आहेत. शाळा व्यवस्थापन समितीची सभा पुढच्या महिन्यात आहे, तिथं हा अर्ज निघणार आहे. करसिव्ह पाहिजे असं वाटणाऱ्यांनी जरूर यावं, फक्त येताना आपल्या पोराची वही घेऊन यावं आणि त्यातलं एक पान सगळ्यांसमोर त्याच्याकडूनच वाचून घ्यावं. मीही येणार आहे. चला, चहा आला वाटतं.